ताटातलं तूप आणि पुड्यातलं पाम

गुरुजी : डॉक्टरबाई, तुमच्याकडून तपासून आलेला माणूस घरी गेला की आधी तुपाची बरणी वरच्या फळीवर सरकवतो. माझी तक्रार तिथूनच सुरू होते. आमच्या मुळशीच्या पश्चिम अंगाला, धरणाच्या वर ताम्हिणीकडे जाताना जी गावं लागतात, तिथं बंद करावं इतकं तूप खाणारी घरं किती असतील? ज्याच्या दारात दोन म्हशी आहेत त्याचं दूध दिवस उजाडायच्या आत संकलन केंद्रावर जातं. तिथं यंत्रावर फॅट लागते. म्हशीच्या दुधाला ६.० फॅट आणि ९.० एसएनएफ, म्हणजे चरबी सोडून उरलेला घनांश, गाईच्या दुधाला ३.५ आणि ८.५, या मापावर दर बोलला जातो. पॉइंट घसरला की पैसे कापले. दुधातली चरबी हाच आमचा रोख पैसा, आणि तो आम्ही रोज विकतो. घरात उरतं ते चहापुरतं. तूप दिसतं सणाला, बाळंतिणीच्या ताटात, नाहीतर लहान पोराच्या मऊभातावर. अशा माणसाला तुम्ही सांगता, तुझं कोलेस्टेरॉल तुपानं वाढलंय. त्यानं न खाल्लेल्या तुपाचा दोष त्याच्या माथी का?

डॉक्टर : गुरुजी, मी तुपाचं नाव घेते कारण ते डोळ्यांना दिसतं आणि चमच्यानं मोजता येतं. पण माझं म्हणणं तुपापुरतं नाही, संपृक्त मेदाबद्दल आहे, ज्याला आम्ही दवाखान्यात सॅच्युरेटेड फॅट म्हणतो. मेदाम्लाच्या साखळीत कार्बनला जोडता येतील तेवढे सगळे हायड्रोजन जोडलेले असले की साखळी सरळ राहते, एकमेकींना खेटून बसते, आणि तो मेद थंडीत गोठतो. तूप, लोणी, खोबरेल, पामतेल ही सगळी त्यातली. त्यांनी रक्तवाहिनी लगेच तुंबते असं कोणी म्हणत नाही. होतं असं की यकृताच्या पेशींवर एलडीएल कोलेस्टेरॉल रक्तातून उचलून घेणाऱ्या जागा असतात, त्या जागा शोधल्याबद्दल ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं, आणि संपृक्त मेद जास्त झाला की या जागांचं काम मंदावतं. एलडीएल रक्तातच फिरत राहतं आणि वर्षानुवर्षं धमनीच्या भिंतीत शिरत जातं.

आता हिशेब पाहा. दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसाला जास्तीत जास्त २२ ग्रॅम संपृक्त मेद, हा आकडा आपल्या खाद्य पाकिटांवरच्या टक्केवारीसाठी धरलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनाही एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत राहा म्हणते, तो हाच आकडा. चहाच्या चमच्याएवढ्या तुपात साधारण ३ ग्रॅम. म्हशीच्या निरशा दुधाच्या एका मोठ्या पेल्यात ८ ग्रॅमच्या आसपास. सायीसकट दोन पेले दूध आणि दोन चमचे तूप म्हणजे २२ ग्रॅम तिथंच संपले. फोडणीचं तेल, शेंगदाण्याचं कूट, ओलं खोबरं अजून मोजलेलंच नाही. तुमच्या गावात असं खाणारे थोडे असतील. पण पिरंगुट, भूगाव, पौडच्या रस्त्यावर ज्यांनी जमिनी विकून गाड्या घेतल्या, ज्यांचं शेतातलं काम सुटलं आणि खाणं मात्र नांगर धरणाऱ्याचं राहिलं, ते रोज माझ्यासमोर बसतात.

गुरुजी : त्यांची गोष्ट वेगळी, तीही मी बोलेन. पण आधी तुमच्या पुराव्याकडे जाऊ, कारण शाळेत मी मुलांना पुरावा विचारायला शिकवत आलो. १९६७ साली रेल्वेत काम करणाऱ्या डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी देशभरच्या रेल्वे कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या. हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण उत्तरेपेक्षा दक्षिणेत सात पट निघालं. आणि चरबी कोण जास्त खात होतं? उत्तरेतले, कितीतरी पटींनी, तीही बहुतेक दूध-तुपातली. दक्षिणेतला माणूस थोडं खात होता आणि ते बियांचं तेल होतं. हा अभ्यास इंग्लंडच्या हृदयरोगाच्या नियतकालिकात छापून आला, तरी आपल्याकडच्या आहाराच्या पुस्तकांत त्याचा उल्लेख शोधावा लागतो.

दुसरा पुरावा अमेरिकेतला. १९६८ ते १९७३ या काळात मिनेसोटातल्या मनोरुग्णालयांत आणि एका वृद्धांच्या शुश्रूषागृहात नऊ हजारांवर माणसांवर प्रयोग झाला. अर्ध्यांच्या जेवणातली जनावराची चरबी काढून मक्याचं तेल घातलं. कोलेस्टेरॉल उतरलं, अगदी ठरल्यासारखं उतरलं, पण मरणं कमी झाली नाहीत. त्यातली बरीच माहिती पडून राहिली आणि २०१६ साली दुसऱ्या संशोधकांनी ती हुडकून मांडली. ज्या प्रयोगाचं उत्तर आवडलं नाही तो चाळीस वर्षं पेटीत राहतो, आणि त्या काळात जगभरच्या सामान्य माणसाला लोणी सोडायला सांगितलं जातं. यावर तुम्ही काय म्हणाल?

डॉक्टर : पेटीत राहायला नको होता, यात दुमत नाही. पण तो प्रयोग नीट वाचला तर दिसतं की त्या नऊ हजारांतल्या बहुतेकांचा मुक्काम थोड्या दिवसांचा होता. वर्षभर किंवा त्याहून जास्त तो आहार घेतलेली माणसं अडीच हजारांच्या आत. धमनीत जी गोष्ट वीस-तीस वर्षं साचते तिचा निकाल वर्षा-दोन वर्षांत मागता येत नाही. मल्होत्रांचा अभ्यास मोलाचा, पण तो गटांची तुलना करतो. उत्तरेतला अमुक गँगमन तूप खात होता म्हणून वाचला, असं त्यातून निघत नाही. त्याची मेहनत, त्याचं बाकीचं जेवण, मृत्यूच्या दाखल्यावर कारण कसं लिहिलं गेलं, हे सगळं त्या एका आकड्यात मिसळलेलं आहे.

सगळे नीट केलेले प्रयोग एकत्र ठेवून कॉक्रेन गटानं २०२० मध्ये हिशेब मांडला. किमान दोन वर्षं संपृक्त मेद कमी केलेल्या लोकांत हृदयविकाराचे झटके, पक्षाघात वगैरे घटना मिळून सुमारे १७ टक्क्यांनी कमी. मृत्यूंवर फारसा फरक दिसला नाही, हेही तिथंच लिहिलंय, मी लपवत नाही. पण झटका येऊन जगलेला माणूस पुन्हा भाताची लावणी करू शकतो का, हे तुम्हीच सांगा. आणि फिनलंडचा उत्तर कारेलिया भाग बघा. लोण्याचा थर लावून पाव खाणारी, सायीचं दूध पिणारी माणसं, आणि कामाच्या वयातले पुरुष हृदयविकारानं मरत होते. १९७२ साली तिथं गावोगाव मोहीम सुरू झाली. पुढच्या साडेतीन दशकांत त्या वयाच्या पुरुषांतले हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले.

गुरुजी : त्याच मोहिमेत त्यांनी सिगारेटी सोडायला लावल्या, मीठ कमी केलं, रक्तदाब तपासून औषधं दिली. मग यश लोण्याच्या खात्यात किती टाकायचं? थोडं टाकायचं असेल तरी माझी अडचण राहतेच. फिनलंडचा तो शेतकरी लोण्याच्या डोंगरावरून खाली उतरत होता. आमचा माणूस त्या डोंगरावर चढलाच नाही. त्याच्या ताटात काय आहे? भाताचा ढीग. आंबेमोहर आता पाहुण्यांसाठी आणि विकण्यासाठी. रोजचा भात दुकानातला नाहीतर रेशनचा. वरण पातळ. सकाळी चहा साखरेचा, त्यात बिस्किटं. दुपारी पुन्हा चहा.

तुम्ही त्याचं तूप काढलंत, तर त्या जागी तो काय घेतो, हे तुम्ही कधी विचारता का? तो बदाम घेत नाही. तो आणखी एक वाढा भात घेतो, कारण कोरडा भात पोटात टिकत नाही. अमेरिकेत परिचारिकांची आणि आरोग्य सेवकांची वर्षानुवर्षं जी पाहणी चालू आहे, तिचे २०१५ चे निष्कर्ष हेच सांगतात की संपृक्त मेदाच्या जागी मैदा-साखरेसारखं पीठूळ खाणं आलं तर हृदयाला काही फायदा नाही. फायदा होतो तो तेलातले असंपृक्त मेद किंवा अखंड धान्यं आली तर. म्हणजे ‘कमी करा’ हे अर्धंच वाक्य झालं. उरलेलं अर्धं तुम्ही लिहून देत नाही.

डॉक्टर : हे मला मान्य करावं लागेल, आणि माझ्या पंचवीस रुग्णांच्या रांगेत ते अर्धं वाक्य गिळलं जातं, हेही खरं. पण त्या युक्तिवादाला उलटा वळवून ‘भाताऐवजी तूप खा, मग बरं’ असं सांगणारे आता मोबाइलवर हजारोंनी आहेत, आणि माझ्याकडे येणारा तरुण ते ऐकून येतो. त्यासाठी आपल्याच देशाचा पुरावा सांगते. आयसीएमआर आणि मद्रासच्या मधुमेह संशोधन प्रतिष्ठानाची देशभरची पाहणी आहे, तिचा आहाराविषयीचा भाग २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय माणसाची सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते. तुमचा भाताचा ढीग तो हाच. ते पीठ थोडं कमी करून त्या जागी डाळी-कडधान्यांतलं किंवा दुधातलं प्रथिन आलं तर मधुमेहाचा धोका कमी दिसला. त्या जागी चरबी आली तर तसा फायदा दिसला नाही.

त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट आहे, जिच्यामुळे मी स्वतः थांबले. चार राज्यं सोडली, झारखंड, छत्तीसगड, अरुणाचल आणि मणिपूर, तर बाकी सगळीकडे लोकांच्या खाण्यातला संपृक्त मेद शिफारशीपेक्षा जास्त निघाला. तुम्ही म्हणता गावात तूप नाही, साय नाही. तुमचं खरं धरलं, तर हा मेद येतो कुठून?

गुरुजी : तो कुठून येतो ते मी तुम्हाला दाखवतो. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, वाण्याचं दुकान पुरे. आमच्या उतारावर पूर्वी वरईच्या, नाचणीच्या जोडीनं खुरासणी असायची. दिवाळीच्या सुमारास ते पिवळे पट्टे डोंगरावर दिसायचे. तिचं तेल घाणीवर काढून आणायचं, पेंड जनावरांना. सपाटीच्या लोकांना भुईमूग, करडई. ही सगळी तेलं पातळ. त्यांत संपृक्त भाग थोडा. आता खुरासणी पेरतो कोण? रानडुकरं ठेवत नाहीत, मजूर मिळत नाही, उतार प्लॉटवाल्यांनी कुंपण घालून ठेवलेत. मग घरात काय आलं? पामतेलाची पिशवी. सगळ्यांत स्वस्त, कारण ती इंडोनेशिया-मलेशियाहून जहाजं भरून येते. २०२२ च्या दिवाळीत सरकारनं रेशनवर ‘आनंदाचा शिधा’ दिला, शंभर रुपयांत एक किलो रवा, एक किलो साखर, एक किलो हरभरा डाळ आणि एक लिटर पामतेल. गरिबाच्या घरी दिवाळीचा फराळ झाला, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण गरिबाच्या आनंदासाठी तेल निवडायची वेळ आली तेव्हा कोणतं निवडलं गेलं, ते बघा.

आणि पिशवीतलं पाम निदान दिसतं तरी. खारी, टोस्ट, क्रीमचं बिस्किट, फरसाण, पाच-दहा रुपयांचे पुडे, हे तर आमच्या शेवटच्या वस्तीपर्यंत पोचलंय. जिथं एसटी दिवसातून मोजक्या वेळा जाते तिथं पुड्यांची माळ दुकानाच्या दाराला लटकलेली असते. पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचलीत तर बहुतेकांवर पाम लिहिलेलं सापडेल.

आता दुधाची गोष्ट याला जोडा. म्हशीच्या दुधातली चरबी पातळ करून, त्यात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी घालून टोन्ड दूध बनवायची युक्ती मुंबईत निघाली. आरे कॉलनी उभी करणाऱ्या दारा खुरोडींची ती. १९६३ साली कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत त्यांना मॅगसेसे मिळालं. तेव्हा हेतू हृदय सांभाळण्याचा नव्हता. तेवढ्याच म्हशींत मुंबईतल्या जास्त गरिबांना परवडणारं दूध पोचावं, हा होता, आणि हेतू चांगलाच होता. पण तेव्हापासून दुधातली चरबी ही वेगळी काढायची, मोजायची आणि जास्त पैसे देणाऱ्याकडे पाठवायची वस्तू झाली. आमच्या केंद्रावरून गेलेली साय पुण्यातल्या कुणाच्या तरी श्रीखंडात, लोण्यात, आइस्क्रीमात जाते. त्या पैशातून आमच्या घरी खारीचा पुडा आणि पामची पिशवी येते. धरणाचं पाणी घाटाखाली भिऱ्याला जाऊन वीज मुंबईला गेली, तशीच ही चरबीही तालुक्याबाहेर जाते. परत येते ती समुद्रापलीकडची.

(दोघांना इथं क्षणभर थांबवून मला एक म्हणायचं आहे. संपृक्त मेदावरच्या चर्चेत तूप चांगलं की वाईट एवढाच झगडा आपण वर्षानुवर्षं ऐकतो. तो झगडा ज्याच्या डब्यात तूप आहे त्याचा आहे. गुरुजींनी आता जो प्रश्न काढला तो त्याहून मोठा वाटतो, आणि आरोग्याच्या लेखनात त्याला जागा फार कमी मिळते.)

डॉक्टर : तुमच्या या हिशेबाला मी आकडे जोडते. चौघांच्या घरात महिन्याला तीन लिटर तेल लागलं असं धरा. माणशी रोज वीस-बावीस ग्रॅम. ते पामोलीन असेल तर त्यातून नऊ-दहा ग्रॅम संपृक्त मेद आला. शेंगदाण्याचं किंवा खुरासणीचं असेल तर चारच्या आसपास. म्हणजे २२ ग्रॅमच्या मर्यादेतला जवळजवळ अर्धा वाटा नुसत्या पामतेलातच संपतो, तुपाचा थेंब न घेता. खरं सांगायचं तर तेल कुठलं वापरता हे मी विचारते, पण उत्तर ‘साधं’ असं येतं आणि मी पुढं जाते. त्या ‘साध्या’त काय आहे हे खोदायला हवं.

पण पामलाही न्याय द्या. ते बेकरीत शिरलं ते वनस्पती तुपाच्या जागी. डालडा १९३७ साली बाजारात आला. पातळ तेलात हायड्रोजन घालून त्याला तुपाचं रूप द्यायचं, आणि त्या प्रक्रियेत ट्रान्स मेद तयार व्हायचा, जो संपृक्त मेदापेक्षाही घातक. तो एलडीएल वाढवतो आणि चांगलं एचडीएल उतरवतोही. आपल्याकडे नियमानं तो टप्प्याटप्प्यानं उतरवला, २०२१ मध्ये ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांच्या आत. हा सार्वजनिक आरोग्यातला मोठा विजय आहे, मी तो कुठंही अभिमानानं सांगते. मात्र खारीला पापुद्रे सुटायला घट्ट चरबी लागते. ट्रान्स गेला तर ती घट्टपणा देणारी, स्वस्त, आपोआप गोठणारी गोष्ट म्हणून पाम आलं. एक धोका हटवताना दुसऱ्याला दार उघडं राहिलं.

आणि तुपाला मी अजूनही मोकळं सोडत नाही. पाम परदेशी आणि तूप आपलं, म्हणून यकृत वेगळं वागत नाही. दोन्हींत पामिटिक आम्ल भरपूर. खोबऱ्यात लॉरिक जास्त, तेही एलडीएल वाढवतं. स्टिअरिक तेवढं बरंचसं तटस्थ. हे बारकावे खरे आहेत. आणखी एक बारकावा असा की चरबी कोणत्या पदार्थात बांधलेली आहे यानंही फरक पडतो. सारख्याच चरबीचं चीज लोण्याइतकं एलडीएल वाढवत नाही, हे प्रयोगांत दिसलंय. म्हणून दह्या-दुधाबद्दल मी पूर्वीपेक्षा सैल झाले आहे. वितळवून गाळलेल्या तुपाबद्दल नाही.

गुरुजी : खोबऱ्याचं सोडा, ते घाटाखालच्या माणगावकरांना विचारा. मला पोटुशी बाई विचारायची आहे. तुम्ही पुण्याच्याच केईएम रुग्णालयाचं काम सांगता ना नेहमी? शिरूर तालुक्यातल्या वढूच्या आसपासच्या सहा खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून गरोदर बायकांची पाहणी केली. शेतात राबणाऱ्या, अंगानं किरकोळ बायका. बाळांचं वजन सरासरी २.७ किलोच्या आत-बाहेर. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोंची. त्या पाहणीत २००१ साली छापलं गेलं की बाईनं एकूण ऊर्जा किंवा प्रथिन किती खाल्लं याच्याशी बाळाच्या आकाराचा मेळ लागला नाही. मेळ लागला तो अठराव्या आठवड्यातल्या चरबीशी आणि दुधाशी, नंतर हिरव्या पालेभाज्या नि फळांशी. म्हणजे आपल्याच जिल्ह्यातल्या गरीब पोटुशीच्या पोटात थोडी जास्त चरबी गेली, दूध गेलं, तिथं बाळ भरलेलं निघालं.

आमच्याकडे तीच बाई पहाटे उठून म्हैस पिळते, केंद्रावर दूध पोचवते आणि स्वतः कोरा चहा पिते. तिच्या कानावर तुमचं ‘साय वाईट’ पडलं की सासूला आयतं कारण मिळतं. बाळंतिणीचा डिंकाचा लाडूसुद्धा आता लोक भीत भीत करतात. सूचना तुम्ही पिरंगुटच्या प्लॉटवाल्याला दिली होती. ती अंमलात आली ती वरच्या वाडीतल्या सुनेवर.

डॉक्टर : याज्ञिकांचं काम तुम्ही अर्धं सांगितलंत, उरलेलं अर्धं मला जास्त झोप उडवतं. ती २.७ किलोची बाळं साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली तेव्हा दिसलं की त्यांचं स्नायूंचं, पोटातल्या अवयवांचं माप खूप कमी, पण कातडीखालची चरबी मात्र बरीचशी राखलेली. बारीक दिसणारी, तरी आतून चरबीची. मोठेपणी हेच रूप राहतं. २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये याज्ञिकांचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापला गेला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२.

म्हणून ‘तो किती सडपातळ आहे, त्याला काय होणार’ हे वाक्य मी ऐकू शकत नाही. बावन्न देशांच्या इंटरहार्ट अभ्यासात आपल्या उपखंडातल्या माणसाला पहिला झटका बाकीच्यांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी आलेला दिसला, सरासरी त्रेपन्नाव्या वर्षी. आणि तिथं सगळ्यांत जड धोका रक्तातल्या त्या मेदवाहक कणांच्या बिघाडाचा होता, ज्यांच्यावर संपृक्त मेदाचा परिणाम होतो. आपल्या माणसाकडे सहन करायची मोकळी जागाच कमी आहे. फिनलंडच्या धट्ट्याकट्ट्याला जेवढं लोणी पचलं तेवढं याला पचणार नाही. तुम्ही म्हणालात आमचा माणूस त्या डोंगरावर चढला नाही. मला वाटतं, त्याच्या पायाखालचा कडाच जवळ आहे.

गुरुजी : मग वरच्या वाडीतली पोटुशी आणि पिरंगुटचा चाळिशीतला माणूस यांना वेगळा सल्ला हवा, एवढं तरी ठरलं. पण ते दोघं वेगळ्या घरांत राहत नाहीत, अडचण तिथंच आहे. माझ्या शेजारच्या घरात थोरला मुलगा कंपनीत जातो, बसून काम, पोट सुटलेलं, तुमची गोळी चालू. त्याची बायको पाचव्या महिन्यात, हाडं दिसतात. म्हातारा सत्तरीतही खाचरात उतरतो. दोन पोरं शाळेत. पातेलं एक, तेलाची पिशवी एक, दुधाचं भगुणं एक. आणि वाढायची रीत तुम्हाला ठाऊक आहे, आधी पुरुष, मग पोरं, शेवटी ती. घट्ट साय आणि तूप ज्याला टाळायला सांगितलं त्याच्याच ताटात आधी पडतं, कारण तो कमावता. जिला हवं तिच्यापर्यंत भांडं खरवडून पोचतं. तुमची २२ ग्रॅमची मर्यादा माणशी आहे. आमच्याकडे स्वयंपाक माणशी होत नाही.

डॉक्टर : हे ऐकल्यावर मी माझ्या सांगण्याचा क्रम बदलेन. आधी पुडे. खारी, क्रीमची बिस्किटं, फरसाण. ती घरातल्या कोणालाच नकोत, पोटुशीलाही नकोत. मग तेलाची पिशवी. पाम सोडून शेंगदाणा, करडई, मिळाली तर घाणीवरची खुरासणी, जरा कमी वापरून. त्यानंतर भाताचा ढीग उतरवून त्या जागी वरण घट्ट, उसळ, टाकळा-कुर्डूसारख्या रानभाज्या. तूप सगळ्यांत शेवटी, आणि तेही घरात कोणाला किती हे नाव घेऊन. सुनेला दूध, मुलाला ताक. हे शास्त्राशी जुळतं असं मला वाटतं.

पण दोन ठिकाणी मी अडते. सुनेला दूध द्या असं मी तिच्या नवऱ्यासमोर सांगितलं तरी ते तिला मिळेल का, हे माझ्या हातात नाही. आणि दुसरं, आज जी सूनबाई पोटुशी म्हणून मी दूध-तूप वाढवते तीसुद्धा त्याच शरीराची आहे. बाळंतपण झाल्यावर दहा वर्षांनी तिचं एलडीएल मोजायला मीच बसणार. थांबायचं कुठं, तो आठवडा कोणत्याही अभ्यासानं आखून दिलेला नाही.

गुरुजी : तिसरं मी सांगतो. पामपेक्षा शेंगदाणा तेल महाग. फरक भरून काढायला त्या घराकडे एकच जिन्नस आहे, दूध. म्हणजे चांगलं तेल आणायचं तर आणखी दूध केंद्रावर घालावं लागेल, आणि ते जाईल सुनेच्या पेल्यातून. त्यात पुण्याच्या ग्राहकांनी तुमचं ऐकलं आणि सगळे कमी चरबीच्या दुधाकडे वळले, तर उद्या केंद्र फॅटला भाव देईल का? ज्या चरबीला तुम्ही धोका म्हणता तिच्याच पॉइंटवर आमच्या पोरांची फी भरली जाते. दर फॅटवर ठरायच्याऐवजी प्रथिनावर ठरला तर? असं कोणी केलं तर आम्ही म्हशी वेगळ्या पाळू, चारा वेगळा घालू. पण ते ठरवणारे तुमच्या दवाखान्यात येत नाहीत आणि माझ्या शाळेतही बसले नव्हते.

डॉक्टर : तुमच्या शेजारची सून येत्या बुधवारी माझ्याकडे तपासणीला आहे. नवराही येईल गोळ्या न्यायला. दोघांना वेगवेगळे कागद लिहून देईन, एवढं करू शकते. तेलाच्या दराचं आणि केंद्रावरच्या पॉइंटचं काय करायचं ते मला माहीत नाही. तोवर एक मात्र तुम्ही करा, तुमच्या म्हशीच्या दुधातलं किती घरात राहतं आणि त्यातलं कोण पितं, हे महिनाभर लिहून ठेवा. माझ्याकडे रक्ताचे आकडे आहेत, तुमच्या भगुण्याचे नाहीत.

गुरुजी : लिहीन. पण त्या वहीत कोण पितं हा रकाना भरायला मला सुनेलाच विचारावं लागेल, आणि ती खरं सांगेल याची खात्री मला नाही.